दोन भोंगे देऊन येणारा चोर

इंझोरी, ता. मानोरा
धोंड्याचा महिना, पहिला सोमवार

सन्माननीय इवाई (तिकडे शहरात व्याही म्हणत असतील) श्री. उकंडराव यांच्या सेवेशी, रामरावाचा दोन्ही हात जोडून (दोन्ही जागेवर आहेत, हे का लिहिलं ते पुढे येईल) रामराम.

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा चाकणला लेकाकडे सातव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून बरा आहे, की तोही लिफ्टचीच वाट पाहत बसतो? उजव्या कानाचं यंत्र बसवून घेणार होतात, त्याचं काय झालं? विहीणबाईंना आमच्या घरचा नमस्कार सांगावा. रंजीता आमची पोर म्हणून काही कमी-जास्त बोलत असेल तर सोडून द्यावं. बोलायची खोड तिला आईकडून आली, ऐकून घ्यायची माझ्याकडून यायला हवी होती ती आली नाही. जावईबापू शिवमराव खुशाल असतीलच. त्यांच्याविषयी थोडं लिहायचं आहे, पण जपून लिहायचं आहे, म्हणून आधी हवापाणी लिहितो. इकडे ऊन मी म्हणतं आहे, विहिरीला पाणी बेताचं आहे आणि डाळ मिल बंद आहे. (हे हवापाण्यात मोडत नाही, पण राहवलं नाही.)

फोन न करता पत्र का, असं आपल्या मनात येईल. फोनवर मी मिलचा विषय काढला की आपण "हॅलो, हॅलो" करता आणि मग कापसाच्या भावावर येता. शिवाय इवायाशी तोंडानं बोललेला शब्द वाकडा जातो, कागदावर तो खोडता तरी येतो. (वरच्या ओळीत एक खोडला आहे, तो उजेडात धरून वाचू नये.)

आपल्याला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण रागाची गोष्ट मधूनच सुरू केली तर पोट हलकं होत नाही. आमच्या शेतकरी गटानं तुरीची डाळ मिल टाकली आणि मला तिचा व्यवस्थापक केलं, म्हणजे शिव्या कोणाला द्यायच्या ते ठरलं. डाळीतले काळे दाणे रंग पाहून वेगळे काढणारं एक यंत्र कोइमतूरहून आणलं. यंत्र गुणी आहे, पण नव्या नवरीसारखं रुसतं, आणि रुसलं की कोइमतूरचा मेकॅनिक येईपर्यंत तूर पोत्यात आणि बाया लिंबाखाली. तेव्हा आमचे जावई, चाकणला अशाच यंत्रांच्या कंपनीत असल्यामुळे, दिवाळीला आले असता पॅनलमध्ये एक डबी बसवून गेले. डबीत सिमकार्ड. आता कोइमतूरवाला तिकडूनच यंत्राच्या पोटात डोकावतो, आणि जावईबापूंनी चाकणला फोनवर बोट ठेवलं की इंझोरीची अख्खी मिल चालू. मी भरपूर कौतुक केलं. जावयानं दिलेल्या वस्तूचं सासऱ्यानं कौतुकच करायचं असतं, ती काय करते हे विचारायचं नसतं. तिथेच माशी शिंकली.

त्या दिवशी दुपारचा चहा नुकताच झाला होता. दाणे वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी काड्या अडकल्या. मी बटन बंद केलं, ललिताबाईनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि मी जवळच उभा राहून तांब्यानं पाणी पीत होतो. भोंगा वाजला. मध्ये श्वास घेण्याएवढी उसंत. परत भोंगा वाजला. आणि पट्टा सुरू! ललिताबाई जुनी कामकरीण आहे, भोंगा ऐकला की तिचा हात डोक्याला न विचारता मागे येतो. म्हणून हात आला. बांगड्या मात्र आत गेल्या, आणि थोड्या वेळानं काळ्या दाण्यांच्या ढिगात हिरवे तुकडे होऊन पडल्या, कारण रंगाचं यंत्र फार चोख आहे. इवाई, मी घाबरलो. मेन स्विच खाली ओढला तेव्हा हातातला तांब्या कुठे पडला ते मला कळलं नाही, आणि रात्री जेवताना त्या बाईचा हात डोळ्यांपुढून जाईना.

ललिताबाई रडली नाही. जमिनीवर बसली, मनगट चोळत राहिली आणि मला म्हणाली, "रामरावभाऊ, मी थांब थांब म्हनून बोंबलून राह्यली होती, कोनाले आयकू आलं?" मग तिनं सांगून टाकलं की भोंगा कोणीही वाजवो, पण तिनं 'थांब' म्हटलं तर वाजवणाऱ्याला ते ऐकू गेलं पाहिजे. तसा बंदोबस्त होईपर्यंत ती मिलमध्ये पाय ठेवणार नाही. ती उठली तशा बाकीच्या बायाही उठल्या. तेव्हापासून मिलला कुलूप, आत गावाची तूर, आणि मृग तोंडावर आला आहे.

गावात लगेच ठरलं की चोर घुसला. हल्ली फोनवरून बँकेतले पैसे नेतात, तशी एखाद्यानं मिल नेली. दोन भोंगे देऊन येणारा हा कोणता शिस्तीचा चोर, असं मात्र कोणी विचारलं नाही. मीही विषय वाढवला नाही.

मानोऱ्याहून हरीओमला बोलावलं. हा गृहस्थ दुकानांत कॅमेरे बसवतो आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं कमीपणाचं मानतो. त्यानं डबी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, हिचं दार सरळ रस्त्यावर उघडतं, साऱ्या दुनियेतून कोणीही येऊन कडी वाजवावी. आड काय ते एक पासवर्ड. आणि पासवर्ड काय, तर रंजीताचं नाव आणि पुढे लग्नाची तारीख. इवाई, ती तारीख आपण दोघांनी मिळून पत्रिकेवर छापली आणि पंचक्रोशीत वाटली! उरलेल्या पत्रिकांच्या पुड्यांत किराणा दुकानदारानं सहा महिने फुटाणे विकले. असं गुपित फोडायला चोर कशाला लागतो, फुटाणे खाणारा पुरतो.

मी म्हटलं, डबीच उपटून फेकतो. तर आमच्या घरच्या, म्हणजे प्रयागबाई, आडव्या आल्या. "जावयानं लावलेलं झाड उपटते का कोनी?" असं विचारून त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या, म्हणजे चर्चा संपली. शिवाय यंत्र पुन्हा रुसलं तर कोइमतूरवाल्याला आत यायला वाट हवीच. म्हणजे दार ठेवायचं, पण कोणाला, केव्हा आणि कुठपर्यंत येऊ द्यायचं ते ठरवायचं. एवढीशी गोष्ट. तिच्यापायी माझे निम्मे केस गेले (उरलेले निम्मे आधीच गेले होते).

हरीओमचा पहिला तोडगा असा की बाहेरच्यानं यायच्या आधी कॉम्प्युटरवर विचारायचं, येऊ का? इकडच्यानं हो म्हटलं तरच आत. मला पटलं. पण मिलचा कॉम्प्युटर आमच्या घरी पुढच्या खोलीत, आणि दुपारी त्याच्यापुढे प्रयागबाई शेंगा फोडत बसतात. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, या शिकवणीत त्या वाढलेल्या. जो विचारील त्याला त्यांनी हो म्हटलं. कोइमतूरवाला आला, पाठोपाठ घरबसल्या कर्ज देणारा आला, आणि कोणी एक परदेशातला माणूस आला, त्याला काय हवं होतं ते अजून कळलेलं नाही. मी बोललो तर मलाच म्हणाल्या, "थो बिचारा इचारून तं येऊन राह्यला, तुमी तं न इचारता येता."

मग गटाची बैठक बोलावली. तीत हरीओमनं सांगितलं की चाकण-कोइमतूरपासून मिलपर्यंत एक सुरक्षित बोगदा काढू, त्यातून आपलीच माणसं येतील-जातील, बाहेरच्याला काही दिसणार नाही. त्याला बोगदा हा शब्द कोणी शिकवला देव जाणे. तालुक्या-तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेल्यापासून आमच्याकडे खोदकामाचं नाव काढलं की माणूस आधी सातबारा शोधतो. मिलला लागून दौलतसिंगचं वावर आहे. तो उभा राहिला. "बोगदा कोनाच्या वावरातून जाऊन राह्यला?" हरीओम म्हणाला, कोणाच्याच नाही. हे ऐकून तर त्याचा संशय पक्काच झाला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वावराच्या कडेला, धुऱ्यावर, ओळीनं संत्र्याची कलमं लावलेली, भर उन्हात, प्रत्येकाला आळं, कारण मोबदल्यात झाडाचं वेगळं धरतात. मी जाऊन समजावलं की बाबा, हा बोगदा जमिनीत नाही, हवेत आहे. तो वर पाहत म्हणाला, "मंग वावरावरच्या हवेचं काय?" इवाई, ती कलमं मरू नयेत म्हणून आता मीच आमच्या नळाचं पाणी देतो. झाडांचा काय दोष?

बोगदा तेवढा ठरला. पण बोगद्याच्या तोंडाशी आणखी एक पहारा हवा, म्हणून हरीओमनं ओटीपी लावला: आत येताना दर वेळी माझ्या फोनवर आकडा येणार. मिलमध्ये फोनला रेंज नाही (डबीची तार छपरावर नेली आहे, माझी नाही), म्हणून फोन घरी. आकडा घरी आला. मी मिलवरून माणूस पाठवला, आकडा विचारून आण. प्रयागबाईंनी दिला नाही. मी स्वतः गेलो. मलाही दिला नाही! "बँकेतल्या पोरीनं सांगतलं हाये, कोनालेच सांगू नोका. नवऱ्याले सांगा, असं नाई सांगतलं तिनं." मी हात जोडले, आवाज चढवला, तोवर आकड्याची मुदत संपली. हरीओम म्हणतो, सुरक्षेच्या दृष्टीनं वहिनींसारखं माणूस शोधून सापडणार नाही. कॉम्प्युटरच्या वेळी हा कुठे गेला होता?

शेवटी तोही वैतागला आणि मीही वैतागलो, तेव्हा कुठे अक्कल आली. पॅनलवर एक किल्ली बसवली. इथे उभ्या असलेल्या माणसानं ती फिरवल्याशिवाय बाहेरच्याला वाट नाही, मग त्याच्याकडे बोगदा असो की ओटीपी. आणि वाट मिळाली तरी त्यानं पाहायचं, दुरुस्ती सांगायची. मिल सुरू करायचं बटन बाहेरच्या प्रत्येक फोनातून काढून टाकलं. पाहायचं तिथून, चालवायचं इथून. ललिताबाईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, किल्ली चांगली आहे, पण किल्ली कोणाच्या हातात? तिचं बरोबर आहे. मी निम्मा वेळ तालुक्याला असतो, आणि प्रयागबाईंकडे दिली तर जो मागेल त्याला मिळेल. चांगला माणूस मिळेपर्यंत बाया यायच्या नाहीत, असं ठरलं आहे.

एवढंच कळवायचं होतं. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला,
रामराव

ता. क. : जावईबापूंच्या फोनातलं बटन आता दाबलं जाणार नाही. हे सासऱ्यानं जावयाला कोणत्या तोंडानं सांगावं? धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे वाढायचे असतात, दार लावून घ्यायचं नसतं. आपण वडील आहात, आपल्या पद्धतीनं त्यांच्या कानावर घालावं ही विनंती.

ता. क. दुसरी : वरची ता. क. रद्द समजावी. शिवमरावांना काही बोलू नका. कंपनीत फोन फाटकावर जमा करून आत जावं लागतं, त्यामुळे त्या दुपारी त्यांच्या हातात फोनच नव्हता. त्यांचा जुना, काच तडकलेला फोन दुपारच्या चहानंतर गॅलरीत कोण घेऊन बसतं, आणि त्यात भोंग्याचं बटन कोणी हट्टानं टाकून घेतलं, हे रंजीतानं मागेच सांगितलं होतं. पण तिनं सांगायची गरज नव्हती. कारंज्याच्या जिनिंगवर मी कापसाची गाडी घेऊन उभा असायचो तेव्हा फोरमन उकंडराव दोन भोंगे द्यायचे, मध्ये श्वासाएवढी उसंत, आणि कोणी 'थांबा' म्हणतं का म्हणून कान देऊन उभे राहायचे. असा माणूस पाहून मी पोर दिली. दुसरा भोंगा वाजला तेव्हाच मी ओळखलं. चोर चोर म्हणून गाव फिरलं ते फिरू दिलं. त्या भोंग्यानं ललिताबाईचा हात वाचला, आणि जाणारही होता तो तुमच्याच बोटानं. मी रागावलो आहे, अजून आहे. पण जन्मभर पट्टे चालवलेला माणूस सातव्या मजल्यावर बसून दुपारी काय करत असेल, हेही मला कळतं. तेव्हा धोंड्याला जावयाबरोबर या, आणि त्यांच्याबरोबर परत जाऊ नका. विहीणबाईंनाही आणा. किल्ली खुंटीला टांगली आहे, तिला दुसरं कोणी हात लावलेला नाही.

ता. क. शेवटची : ललिताबाईला सांगून आलो, माणूस ठरला, जिनिंगचा जुना फोरमन आहे. तिनं एकच विचारलं, "त्याले आयकू येते ना?" मी छातीठोकपणे हो म्हणून बसलो आहे. तेवढं कानाच्या यंत्राचं उलट टपाली कळवा.