चोरओटी

९ जानेवारी १९३८
लग्नानंतर सातव्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुले होईल वं कौशल्या, पण मी पाहाले नसेन." त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे अर्धं खरं ठरलं. उरलेलं अर्धं आता ठरतंय.
वय चव्वेचाळीस. दोन महिने पाळी नाही. पोट जरा पुढे. ठराव: पाचवा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते. मी शाळेत आरोग्य शिकवते, दृष्ट वगैरे मानत नाही. तरी.

१४ जानेवारी
संक्रांत. एका तिळाच्या लाडवाने पोट भरलं. हे म्हणाले, "दोन पोळ्यांची अर्धी झाली. काहून वं?" सांगितलं, उपास आहे. कशाचा, विचारलं. मी लाडवांचा डबा आत नेऊन ठेवला.

२ फेब्रुवारी
सारखं लघवीला जावं लागतं. शाळेची शिपाईण पंचफुला म्हणाली, "बाई, वर्गात येता का मोरीत येता?" हसले. बाळ दाबत असणार. कंबरही दुखते, तीही त्यामुळेच.
आजचा पाठ: दुखणे लपवू नये. मुलींनी छान म्हणून दाखवला.

१३ फेब्रुवारी
नणंद शोभाताई कामठीहून आल्या. त्यांना सांगितलं. नणंदेला सांगितलेलं मोजायचं नसतं. त्यांनी हिरवा चुडा भरला, कोठीचं दार लावून ओटी भरली. तिसऱ्या महिन्याची चोरओटी, कोणी पाहायची नाही. खण ठेवताना म्हणाल्या, "वयनी, डाक्टरीणले दाखवलं का? तुमच्या मावशीचं पोटही असंच वाढलं होतं." मी म्हटलं, मावशीला जलोदर होता. ती गोष्ट वेगळी. तिला चार मुलं होती.
शोभाताई ओटीत तांदूळ घालत राहिल्या. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी
गेल्या सोमवारी जनाना दवाखान्यात जाणार होते. शाळेत इन्स्पेक्शन निघालं. आज जाणार होते. पोलकी शिवायला टाकायची होती, जुन्यांची बटणं लागत नाहीत. दंड मात्र वाळलेत. बाळ ओढून घेतं.
संत्री आणवली. दोन फोडी गेल्या.
हालचाल अजून नाही. शांत असेल, यांच्यासारखं. पुढचा सोमवार नक्की.

८ मार्च
यांनी टांगा दारात आणून उभा केला. म्हणाले, "आता उपासाचं सांगू नको." डॉक्टर प्रेमलताबाई माझ्याहून लहान आहेत. एक हात आतून, एक पोटावर, बराच वेळ तपासलं. बोटांनी पोट वाजवलं, कुशीवर वळवून पुन्हा वाजवलं. नळी लावली. मी विचारलं, ठोके? म्हणाल्या, तुमचेच आहेत. पाळी वयाने गेली आहे. अंडाशयावर गाठ लागते आणि पोटात पाणी धरलंय. सुई घालून त्यातलं थोडं काढलं, तपासायला.
मग विचारत गेल्या: भूक कधीपासून कमी, पोट कधी फुगलं, लघवी, कंबर, घरात कोणाला असं होतं का. मी वही पिशवीतून काढली आणि तारखांसकट सांगितलं. मावशीचंही. त्या ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "एवढं लिहिलं, मग आलात काहून नाही?"
चोरओटीचं सांगितलं नाही. विज्ञान शिकलेल्या बाईला काय सांगायचं.

१२ मार्च
पाण्याचा रिपोर्ट आला. चांगला नाही. कॅन्सर असावा, म्हणाल्या. कितपत पसरलाय ते पोट उघडल्यावरच कळेल. हे अंगणात उभे राहिले होते, पाठ करून.
पाण्याची तपासणी चुकतही असेल.

१४ मार्च, संध्याकाळ, दवाखाना
उद्या सकाळी ऑपरेशन. नर्सने आत्ताच बांगड्या काढायला लावल्या. साबण लावावा लागला नाही, नुसत्या घसरल्या. चुडा यांच्या रुमालात आहे. कोणी भरला, हे त्यांनी विचारलं नाही.
सासूबाई नाहीत ते बरं.
प्रेमलताबाई थोड्या वेळाने फेरीवर येतील. त्या नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. तरी विचारणार आहे: सकाळी टेबलावर घेतल्यावर, भूल देण्याआधी, ती नळी पोटाला लावून आणखी एकदा ऐकाल का?