आबांचं पडणं

१२ फेब्रुवारी, गुरुवार
क्लिनिकमधून घरी आले तर आई फोनवर. आवाज असा की अख्ख्या गल्लीला ऐकू जावा. पलीकडून आजोळच्या सरपंचबाई, पारनेर तालुक्यातून. यंदा यात्रेत एक संध्याकाळ आबांच्या नावानं करायची म्हणतायत. आबा म्हणजे आईचे वडील. मुक्या सिनेमातले विनोदी नट. गावातून सिनेमात गेलेला पहिला माणूस, अजून तरी शेवटचाही. त्यांची एखादी फिल्म मिळाली तर देवळापुढं पडदा लावू म्हणे.
आई म्हणाली, "बघतो आमी." आणि फोन ठेवून माझ्याकडं बघत बसली. म्हणजे बघायचं मी.

२० फेब्रु., शुक्र.
पुण्यात ओळखीपाळखीनं विचारून झालं. एकही फिल्म शिल्लक नाही. जळाल्या, कुजल्या, भंगारात गेल्या. फोटोसुद्धा नाही. एका माणसाचं सगळं काम असं पुसलं जातं, मला फारच लागलं ते. आईला कसं सांगावं या विचारात जेवण गेलं नाही.
सांगितलं. ती शेंगा फोडत होती. फोडतच राहिली.
"नसू दे. मी हाय की."
"म्हणजे काय?"
"मी पडून दावीन. आबांनी मला शिकवलंय."
वय ब्याऐंशी. हाडं खडूसारखी. आणि मी संगमनेरातली फिजिओथेरपिस्ट, दिवसभर म्हाताऱ्या माणसांना एकच सांगणारी, की पडू नका!

२२ फेब्रु., रवि.
भांडण. अबोला. मग दुपारी तिनंच चहा केला आणि आबांची गोष्ट काढली. लहानपणी ऐकलेली, पण आज नीट ऐकली.
आबा पुण्याला गेले ते कापडाच्या दुकानात. तिथून सिनेमा कंपनीत, चहा द्यायला. एकदा शूटिंग चालू असताना राजा झालेल्या नटाला चहा घेऊन निघाले. समोर कंपनीचा मालक दिसला म्हणून एका हातानं रामराम करायला गेले आणि पाय सटकला. सपशेल आडवे. पण दुसऱ्या हातातली कपबशी वर तशीच, थेंब सांडला नाही. पडल्या पडल्या आबांना वाटलं, नोकरी तर गेलीच, चहा कशाला वाया घालवा, म्हणून पिऊन टाकला. राजा हसला, कॅमेरावाला हसला, मालक तर खालीच बसला. त्या दिवसापासून आबा नट. प्रत्येक सिनेमात आबा पडणार. लोक म्हणे नुसती बशी दिसली की शिट्ट्या मारायचे.
आई सांगताना एवढी हसली की ठसका लागला. मीही. अबोला कुठं गेला कळलं नाही.

१ मार्च, रवि.
तह झाला. ती शिकवणार, पडणार मी. चोपन्नाव्या वर्षी, वजन लिहीत नाही.
क्लिनिकला सुट्टी, म्हणून तिथं गाद्या अंथरल्या. आई खुर्चीत, हातात पट्टी.
पहिल्यांदा पडायला गेले आणि चक्क बसले. दुसऱ्यांदा कप भिंतीवर. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "मस्त!" त्याला हाकलला.
आई : "शाले, तू पडती न्हाईस. तू अंग टाकती. पडायचं ठरवून पडलं की हसू येत न्हाई. पाय चाललेला पायजे, आन् जमीन गेली पायजे."
हे लिहून ठेवतेय. जमीन गेली पायजे.

६ मार्च, शुक्र.
कंबर. मीच मला बर्फ लावला.
आईनं विचारलं, कुठं दुखतंय? दाखवलं. म्हणाली, "बरोबर. आबांचंबी तितंच दुखायचं." जणू पास झाले.

११ मार्च, बुध.
दुपारी पेशंट कमी म्हणून थोडा सराव केला. गुंजाळकाकू बाहेर बाकावर. बाथरूममध्ये पडल्यापासून त्या पाऊल उचलायलाही घाबरतात, वॉकरशिवाय जागच्या हलत नाहीत. मी आत धपकन पडले. कपातलं पाणी माझ्याच तोंडावर. बघते तर काकू दारात उभ्या, तोंडाला पदर लावून गदगदतायत.
वॉकर बाकापाशीच राहिला होता.
त्याचं नाव काढलं असतं तर घाबरल्या असत्या, म्हणून नाही काढलं. म्हणाल्या, "डॉक्टर, परत एकदा पडा की."

१५ मार्च, रवि.
आबा परत का आले, ते आज विचारलं. मला वाटायचं काहीतरी दुःखाचं असेल.
बोलपट आला. आबांना एकच वाक्य दिलं, 'महाराज, गाडी तयार आहे.' आबा म्हणायचे, 'गाडी तयार हाय.' स्टुडिओ डोक्यावर घेतला कंपनीनं. आहे म्हण, आहे! चार दिवस पाठ केलं आणि कॅमेऱ्यापुढं म्हणाले, "महाराज, गाडी आहे हाय."
"मग?"
"मग काय. आले घरी. बाजरी पेरली."
"वाईट नाही वाटलं त्यांना?"
आई : "वाटलं आसंल. आमच्यापुढं कधी बोललं न्हाईत. पन माजी आई रुसली ना, की चुलीपुढं कपबशी घेऊन यायचे आन् पडायचे. आईला हसायचं नसायचं. तोंड फिरवून हसायची. पडताना ते कपाकडं बघायचेच न्हाईत, तिच्याकडं बघायचे."
त्यानंतर सराव केला नाही आम्ही.

२९ मार्च, रवि.
जमलं! एकदाच. पण जमलं. जमीन गेली. कप वर, मी खाली, थेंब नाही. आईनं पट्टी टाकून टाळ्या वाजवल्या. पुन्हा केलं तर गेलं ते गेलंच. असो. एकदा जमलंय.

३ एप्रिल, शुक्र.
काल यात्रा. सगळं लिहिते.
देवळापुढं स्टेज. कुस्त्या आटोपून लोक तिकडूनच आलेले, भेळीच्या पुड्या हातात. सरपंचबाईंनी माईकवर आबांची ओळख करून दिली. मी धोतर, टोपी, कपबशी. निघाले, रामराम केला, पाय सटकला, पडले छान, पण चहा सगळा सरपंचबाईंच्या नव्या पैठणीवर.
लोक हसले. खूप हसले. सरपंचबाईसुद्धा. पण मी खाली पडल्या पडल्या आईकडं पाहिलं. ती हसत नव्हती. उठली.
"आई, नाही हां. आई!"
तिनं मला हातानं गप्प केलं. दुसरा कप भरून घेतला. पदर खोचला. चालायला लागली, आणि ती चाल आईची नव्हतीच. लांब ढांगा, छाती पुढं, कुणीतरी मोठा माणूस भेटणार म्हणून खूश झालेली. मागून एक म्हातारा ओरडला, "तुका आला रं!" आबांचं नाव तुकाराम.
तिनं रामराम केला. पाय सटकला. बायका किंचाळल्या, मी धावले,
आणि ती पडलीच नाही. एका पायावर डुलत राहिली, मग सरळ उभी. खाली जमिनीकडं असं बघितलं की जणू जमिनीचंच काहीतरी चुकलं. आणि चहा पिऊन टाकला.
तसलं हसणं मी आयुष्यात ऐकलं नाही. एक पैलवान डोळे पुसत होता.
येताना गाडीत म्हणाली, "तुला हसले ते चुकीच्या जागी, चहा सांडल्यावर." मग लगेच झोपली, माझ्या खांद्यावर. आठवण झाली की अजून हसू येतंय.

७ एप्रिल, मंगळ.
क्लिनिकमध्ये होते. भिंतीपलीकडं घर, तिथून धप्प. धावत गेले. आई स्वयंपाकघरात आडवी. कपबशी हातात, वर धरलेली. चहा तसाच.
"आई! हलता येतंय का? कुठं लागलं? पाय हलव बघू."
पाय हलवला. दुसराही. हात, मान, सगळं तपासलं. ठीक वाटतंय. एक्स-रे उद्या काढणारच.
"आई, खरं सांग. पडलीस, की पडून दाखवलंस?"
नुसती हसतेय. जमिनीवर झोपून, दात नसलेलं तोंड उघडून, लहान पोरीसारखी.
"सांग ना!"
"तू सांग," म्हणाली. "डॉक्टर तू हायेस."