दसऱ्याआधीची पेर

भामेकाठ, चाकणजवळ
४ ऑक्टोबर १९५५

ती. मारुतीदादास,
धाकट्या दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

धोबी आले! ते शेपटी हलवत तुरुतुरु चालणारे काळेपांढरे पक्षी रे. काल सकाळी माझ्या सासऱ्यांनी विहिरीच्या थारोळ्यावर दोन पाहिले आणि अंगणात येऊन जाहीर केलं की पाऊस गेला. मामंजींनी सांगितलं म्हणजे गावाला दवंडी पिटल्यासारखंच. आज शेजारच्या चार घरांनी बाजरी कापायला घेतली.

आणि खरंच दादा, आठवड्यात सगळं पालटलं. परवापर्यंत हस्ताचा पाऊस नुसता कोसळत होता. आता आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं आहे. सकाळी बांधावरच्या गवतात कोळ्यांची जाळी दवाने अशी भरलेली असतात की पाय ठेवायला जीव होत नाही. दुपारी ऊन चटका देतं, संध्याकाळी चतुर उडतात, आणि डोंगराकडची हिरवळ कडेकडेने पिवळी पडायला लागली आहे. सोनकीने तर माळ पेटवलाय. मी दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून बाहेर पडते. सासूबाई म्हणतात, सूनबाईला वारा लागला.

पण माझा जीव टांगणीला आहे. नदीकाठची काळी पट्टी मामंजींनी यंदा आम्हा दोघांच्या हवाली केली, हे तुला गणपतीत सांगितलं होतं. बोली अशी की त्यात शाळू पिकवून दाखवला तर पट्टी आमची. नाही जमलं तर ती वाट्याने जाईल आणि हे पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी धरतील. आत्ता जमिनीत अशी सुंदर ओल आहे की लगेच पेरलं तर बी नुसतं उड्या मारत वर येईल. पण पेरायची पाभर आढ्याला बांधलेली आहे. बाजरी पेरून झाली की ती वर जाते ती खंडेनवमीला पूजेसाठीच उतरते, ही या घरची आजेसासऱ्यांपासूनची रीत. एरवी कधी अडत नाही. यंदा मात्र दसरा ऑक्टोबरच्या अखेरीस गेलाय! तोवर या उन्हात काळी जमीन भेगा देऊन मोकळी होईल. शिवाय सध्या पितृपंधरवडा. मी विषय काढला तर मामंजी एवढंच म्हणाले की दसरा आला की थंडी येते, थंडी आली की शाळू पेरायचा. घाई कशाला करतीस, ऋतू काय पळून जातोय व्हय?

तू शाळेत भूगोल शिकवतोस. मला लवकर लिही, ऋतू नेमका कशाने बदलतो? दसऱ्याने का आणखी कशाने? मामंजींना पटेल असं लिही. त्यांना तुझ्यासारखं फळ्यावर बोट आपटून चालत नाही.

वहिनींना नमस्कार. तुमची माया आहे तेवढी माझ्या वाट्याला राहू द्या.

तुझी,
दुर्गा


चिंचवड
७ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. दुर्गास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आधी तुझ्या वहिनीने वाचलं, नंतर मला मिळालं. आज सातवीच्या वर्गात पहिलाच प्रश्न तुझा टाकला. थंडी का पडते? सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं की सूर्य लांब जातो म्हणून. चूक! जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो. हे सांगितल्यावर वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाचे मास्तर काठी घेऊन आले.

आता मामंजींसाठी. एक हिरवं कवठ घे आणि त्यात दाभण आरपार घाल. ही पृथ्वी. जमिनीवर मधोमध कंदील ठेव. हा सूर्य. दाभण उभं धरू नकोस, जरा कलतं धर, आणि त्याचं टोक सतत एकाच दिशेला ठेव, समज तुमच्या गोठ्याच्या दाराकडे. टोक न फिरवता कवठ कंदिलाभोवती फिरव. एका बाजूला गेलीस की कवठाचा वरचा भाग कंदिलाकडे झुकेल. तो आपला उन्हाळा. समोरच्या बाजूला गेलीस की तोच भाग मागे कलेल, उजेड तिरपा पडेल. ती थंडी. या दोन्हींच्या मध्ये आत्ताची जागा आहे, दिवस आणि रात्र जवळपास सारखे. इथून पुढे आपण कंदिलापासून मागे कलत जाणार. दिवस लहान होतो, जमीन कमी तापते, समुद्राकडून येणारा ओला वारा थांबतो आणि उत्तरेकडचा कोरडा वारा सुरू होतो. तुझं निळं आभाळ त्याचंच. ढगांचं छप्पर निघालं म्हणून दुपारी चटका बसतो आणि ओल उडते.

यात चंद्राचा कुठेही संबंध नाही, हे लक्षात घे. आणि आपले सण चंद्रावर चालतात. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाहून तोकडे पडतात, म्हणून सण दरसाल मागे सरकतात. ते फार मागे गेले की मध्ये एक अधिक महिना घालून त्यांना पुढे ढकलतात. यंदा भाद्रपद दोनदा आला, दसरा लांबला. ऋतू जिथे होता तिथेच आहे.

एक गोष्ट लिहायलाच हवी. आमचे शेजारी भिमाजी कारखान्यात मुकादम आहेत, त्यांनी तुझ्या दौलतरावांसाठी बॉयलरकडची जागा धरून ठेवली आहे, पण दसऱ्यापर्यंतच. तू हाकेच्या अंतरावर राहायला आलीस तर मला काय नको आहे? पण तू या पत्रात जशी हसते आहेस तशी इथल्या चाळीत हसशील का, याची मला खात्री वाटत नाही. तेव्हा कवठ नीट फिरव.

आमची आठवण तिथल्या उन्हासारखी चटका देणारी नको, दवासारखी असू दे.

तुझा,
मारुतीदादा

ता. क. वन्सं, मी कौशल्या. यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात तुमचे हे इथे जावई म्हणून येऊन ताटभर अनारसे फस्त करून गेले, तेव्हा महिना अधिक आला याचं त्यांना काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. आता त्याच महिन्याने पेर अडवली तर निम्मा दोष त्यांचा. त्यांना सांगा, अनारशांना जागा आणि वडिलांपुढे तोंड उघडा.


भामेकाठ
१२ ऑक्टोबर १९५५

ती. दादास,
दुर्गाचा सा. न. वि. वि.

पेरलं! पेरलं, पेरलं, पेरलं! माझे हात अजून मातीने काळे आहेत आणि पत्रावर डाग पडले तर पडू देत.

क्रमाने सांगते. परवा दिवेलागणीला ओसरीवर कंदील ठेवला आणि कवठ फिरवलं. सगळं घर जमलं. मामंजी आधी म्हणाले की पृथ्वी कलती असती तर आपली दुभती म्हैस केव्हाच घसरून नदीत गेली असती. मग म्हणाले की थंडीत सूर्य जवळ असतो हे तुझ्या भावाने लिहिलंय का त्याच्या बायकोने? पण कवठ त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं बरं का. स्वतः उठून कंदिलाभोवती तीन फेऱ्या घातल्या, टोक गोठ्याकडेच ठेवून. चौथ्या फेरीला धोतराचा सोगा कंदिलावर जाता जाता वाचला. शेवटी खाली बसले आणि म्हणाले, कवठ खरं असंल, पण पाभर खाली येणार न्हाई.

माझा तर संतापच झाला. हे नेहमीप्रमाणे खांबाला टेकून गप्प. वहिनींचा निरोप वाचून दाखवला तरी नुसते हसले. मग मीच धीर करून विचारलं, मामंजी, तुम्ही हस्ताचा पाऊस म्हणता, मृगाचा म्हणता, मग भाद्रपदाचा पाऊस असं का म्हणत नाही? माझ्या या अडाणीपणाची त्यांना कीवच आली. समजावून सांगायला लागले की पोरी, महिना मागंपुढं सरकतो, नक्षत्र सरकत न्हाई. नक्षत्र म्हणजे सुर्व्या कुठल्या घरात बसलाय ते. पाऊस सुर्व्यावर चालतो, तिथीवर चालतो व्हय? आणि बोलता बोलता स्वतःच थांबले.

दादा, त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. गेल्या साली नवमी कुठल्या नक्षत्रात, त्याआधी कुठल्या. हस्त, चित्रा, पुन्हा हस्त. यंदा? थेट पुढची स्वाती. दोनदा मोजून पाहिलं, दोन्ही वेळा स्वातीच आली. आणि उठून आत गेले.

काल सकाळी उठून बघते तर मामंजी पट्टीत. मूठभर माती दाबून तिचा गोळा केलेला, तो त्यांनी अंगठ्याने फोडला आणि यांना हाक मारली. म्हणाले, बापाला शब्द दिलाय, नवमीशिवाय पाभर उतरणार न्हाई म्हंजे न्हाई. पण नांगर कुठं आढ्याला बांधलाय? त्यांच्या लहानपणी या घरात पाभर नव्हतीच म्हणे. नांगराला बांबूची पोकळ नळी, म्हणजे मोघा, बांधायचा आणि मागून बाईने त्यात मुठीने बी सोडत चालायचं. दुपारपर्यंत त्यांनी स्वतः मोघा तासून तयार केला.

उरला पितृपंधरवडा. मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहायचंही टाळत होते. त्यांनी शांतपणे बियांचं सूप आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या की पितरं जेवली ती याच पट्टीची भाकरी ना? मग ती कशाला रागावतील? उलट पट्टी पडीक दिसली तर माझ्या स्वप्नात येऊन मला बोलतील.

मग ओटीत शाळूचं बी घेऊन मी नांगरामागे चालले. काल अर्धी पट्टी, आज उरलेली. पुढे हे बैल हाकत होते, बांधावरून मामंजी ओरडत होते की मूठ सैल सोड, मीठ घालतीस का पेरतीस? मागे धोबी पक्षी उलटलेल्या मातीतले किडे टिपत आमच्या मागोमाग येत होते. पाय भेंडाळले, कंबर मोडली, आणि मी इतकी खूश कधी नव्हते.

आता फक्त वाट. ओल पुरली तर उगवेल, न पुरली तर भिमाजींची जागा आहेच. झोप लागत नाही.

तुम्ही दोघं माझ्या मनात असता तशी मीही तुमच्या मनात राहावी.

तुझी,
दुर्गा


चिंचवड
१५ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. दुर्गास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वर्गात वाचून दाखवलं. मोघ्याचं आणि म्हशीचं दोन्ही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी नक्षत्रावरून जे स्वतः काढलं ते माझ्या कवठात नव्हतं, ते मी सोमवारी फळ्यावर मांडणार आहे.

इथेही ऋतू पालटलाय, तुझ्या पत्रामुळे मला दिसायला लागला एवढंच. दिघीच्या बाजूचं गवत दुपारी सोन्यासारखं दिसतं, आणि स्टेशनवर सकाळी धुक्यातून गाडी आधी ऐकू येते, नंतर दिसते. कारखान्याच्या बांधकामावरची माणसं डोक्याला फडकी गुंडाळून कामाला जातात आणि दुपारी त्याच फडक्यांनी घाम पुसतात.

काळजी मात्र वाटते. चार दिवस कडक ऊन आहे. भिमाजींनी काल पुन्हा विचारलं. मी दसऱ्याचं नाव पुढे केलं. जे काय होईल ते लगेच कळव, चांगलं असो वा वाईट.

तुझ्या वहिनीने सकाळपासून दोनदा पोस्टमनची वाट पाहिली आहे, यावरून आमचा जीव कुठे आहे ते समज.

तुझा,
मारुतीदादा


भामेकाठ
२० ऑक्टोबर १९५५

ती. दादास व सौ. वहिनींस,
दुर्गाचा सा. न. वि. वि.

शाळू उगवला. मामंजींनी स्वतः पट्टीत उकिडवं बसून, एकेका ओळीत बोट फिरवून खात्री केली आणि मगच मला लिहायची परवानगी दिली. सोमवारी सकाळी कुठे कुठे हिरवी सुई दिसत होती. आज सगळी पट्टी हिरवी आहे. चारी बाजूंची रानं दसऱ्याची वाट बघत उघडी पडली आहेत आणि त्यांना बोट जाईल एवढ्या भेगा गेल्या आहेत.

ओळी मात्र अशा वाकड्या आल्यात की गावात चर्चा आहे. कुणी म्हणतं साप गेला, कुणी म्हणतं मास्तरच्या बहिणीने पाटीवर गिरवलं. मामंजी म्हणतात की पृथ्वीच कलती आहे तर ओळ सरळ कशी येईल, हे मास्तरांना विचारा.

पीक हातात आलेलं नाही, हे मला कळतं. अजून थंडी नीट पडायची आहे, पाखरं आहेत, कीड आहे. पण काल संध्याकाळी हे पट्टीच्या कडेला बराच वेळ उभे होते. घरी आले आणि मामंजींसमोर, खांबाला न टेकता, म्हणाले की बॉयलरकडे दुसरा माणूस मिळेल, या पट्टीला मी लागतो. मामंजी बैलांना पेंड घालायला गेले आणि रोजच्या दुप्पट घालून आले. सासूबाई म्हणाल्या, झालं, पट्टी दिली म्हणून समजा.

भिमाजींना नकार चिठ्ठीने कळवणं यांना बरं वाटत नाही. त्यांनी एवढे दिवस जागा धरली, तर समोर जाऊनच सांगायचं म्हणतात. म्हणून रविवारी सकाळच्या एस.टी.ने निघून नाशिक फाट्यावर उतरतील आणि तिथून तुमच्याकडे पोचतील. वहिनी, ताटं दोन वाढवा, कारण मामंजीही येताहेत. त्यांना शाळेतला पृथ्वीचा गोल हाताने फिरवून बघायचा आहे. रविवारी शाळा बंद असते हे मी सांगितलं, तर म्हणाले की मास्तर घरचा आहे, किल्ली आणंल.

दादा, तयारीत राहा. ते कवठ त्यांनी कुणाला फोडू दिलेलं नाही. रोज ओसरीवर फिरवतात आणि हल्ली त्याच्या वरच्या भागाकडे बघतच नाहीत, खालच्या भागाकडे बघतात. आपण कंदिलापासून मागे कलतोय तर खालची माणसं आत्ता पुढे कलत असणार, त्यांचा उन्हाळा येत असणार, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलंय. तिकडची माणसं कधी पेरतात, कुठल्या सणाला अडतात आणि त्यांच्या घरातल्या सुना काय म्हणतात, एवढं सगळं ते तुला रविवारी विचारणार आहेत.

माझ्यावरचा लोभ या ओळींसारखा वाकडा चालेल, पण दाट असू द्या.

तुमची,
दुर्गा