मामाने मला दानधर्मात टाकलं

३ जून
आज आयुष्य बदललं — चहा निवायच्या आत! मामाच्या आरशांच्या दुकानात हिशेब लावायला नवी मुलगी आलीय. खात्यांची यादी करतेय. १ मालमत्ता, २ देणी, ३ भांडवल, ४ उत्पन्न, ५ खर्च. आल्यागेल्या प्रत्येक पैशाला स्वतःचं घर. तिने विचारलं, "शेठ, भाच्याला हातखर्चाला देता, ते कुठे?"
मामा दात कोरत म्हणाला, "दानधर्मात टाक."
तिच्यासमोर! दुकानभर आरसे, प्रत्येकात माझं लाल तोंड.
आणि कॉलेज सोडायला लावलं कोणी? ह्यानेच! "पदवी काय चाटायचीय? तू तर भागीदार!"

४ जून
दान घेणारा काम करत नाही. हात बांधून बसलो.
"काच कोण कापणार? तुझा बाप?"
"त्याला पगार देणार असशील तर विचारतो."
ती हसली.

७ जून
तिला म्हटलं, मला ३ मध्ये घाल, भांडवलात.
"काय घातलंस धंद्यात?"
"जवानी!"
"तिला क्रमांक नाही."
हाय!

११ जून
मामाने बँकेचं कर्ज उत्पन्नात धरलेलं! "पैसा आला की उत्पन्नच ना गं?"
"परत द्यायचाय ना, शेठ? मग २."
तिने उचलून २ मध्ये ठेवलं. नफा जागच्या जागी आडवा. निव्वळ तोटा! मामाचं तोंड कुठल्याच आरशात मावेना.

१२ जून
मामा एकदम गुळासारखा गोड. मला "भाचेराव" म्हणाला! "३ मध्ये तुझं नाव घालतो. भागीदार! कर सही." तरंगतच होतो. तिच्याकडे रुबाबात बघितलं — आता बोल!
तिने मानही वर केली नाही. "भागीदाराला तोट्यातही वाटा असतो. कर्जातही."
"तू तुझे आकडे बघ!" मामा ओरडला.
मी पेन खाली ठेवलं.

१३ जून
सही नाही म्हणून सांगितलं. मामा भडकला, "मग ह्याला टाकायचा कुठे? पगार तर मी कधी दिलाच नाही!"
ती शांतपणे म्हणाली, "काम करून घेतलंत ना? मग राहिलेला पगार. २ मध्ये. देणी."
दानधर्मातून थेट बँकेच्या शेजारी! मामा माझं देणं लागतो!
काच कापायची हिरकणी टेबलावर ठेवली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, जमलं नाही. बाहेर पडलो. दार धाडकन आपटणार होतो — पण काचेचं, आणि पलीकडे ती. हळूच लावलं.