तळहातावरचा थेंब

सोमवार, ६ जानेवारी

लागले बाई एकदाची कामाला! शाळेच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं परीक्षानळ्या विसळल्या, मग शाळेनं प्रयोगशाळाच बंद केली. आणि आता नव्या गावात, नव्या बिऱ्हाडात आल्या आल्या माझ्या हाताखाली चक्क एक यंत्र! ठकीचे बाबा जहाजावर, सहा महिने यायचे नाहीत. हे कौतुक सांगणार कुणाला? म्हणून ही वही. ठकीला सांगून झालं. सात वर्षांची बया, तिनं एवढंच विचारलं की यंत्र चावतं का.

कारखाना म्हणजे तीन खोल्या. मधल्या खोलीत पिंपाएवढा पोलादी डबा, त्याच्या दाराला जाड काचेची गोल खिडकी. दवाखान्यात लागणाऱ्या प्लास्टिकच्या जोडनळ्या आत मांडायच्या, दार आवळायचं, पंपानं हवा ओढून घ्यायची, मग चिमूटभर वायू सोडून वीज द्यायची. आत जाळ होत नाही. नुसता जांभळट उजेड भरून राहतो. तोच प्लाझ्मा.

मालकांनी छान समजावलं. या प्लास्टिकवर गोंद लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्लाझ्मा त्याचा वरचा, डोळ्यांना न दिसणारा थर उडवतो आणि पृष्ठभाग उघडा पडतो. उघडा म्हणजे भुकेला. मग जे मिळेल ते धरून ठेवतो. खात्री करायची तर पाण्याचा थेंब सोडायचा. डब्यात घालण्याआधी नळीवर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. डब्यातून काढलेल्या नळीवर तो पसरतो, अंथरूण घातल्यासारखा सपाट. दिवसभरात मी साठ थेंब सोडले असतील. कंटाळा म्हणून आला नाही.

बुधवार, ८ जानेवारी

पलीकडच्या खोलीत मावशी बसतात. वीस वर्षं गोंद लावताहेत, बोटांची टोकं शिंगासारखी झालीत. तोंडानं फटकळ, पण डब्यातली अर्धी पोळी आपणहून पुढे करणाऱ्या. त्यांचा नियम एकच. नळ्या तासाभरात त्यांच्याकडे पोचल्या पाहिजेत, आणि उघड्या हातानं शिवायचं नाही. नाहीतर ती भूक हातावरच्या तेलावर, धुळीवर भागते, गोंदाला काही उरत नाही. तशीही दोन-चार दिवसांत ती आपोआप मरते म्हणे.

मोठ्या तुकड्यांसाठी एक हातात धरायचं यंत्रही आहे. लेखणीएवढं, टोकातून जांभळी जीभ बाहेर येते. त्याला सगळे फुंकणी म्हणतात. ती गार असते. मालकांनी झटकन बोट फिरवून दाखवलं आणि बजावलं, की गंमत म्हणूनसुद्धा रेंगाळायचं नाही.

माझ्या आधी इथे एक मास्तर होते. नोकरी का सोडली विचारलं, तर मावशींनी स्टूल फिरवून पाठ केली. असतील काही भांडणं.

शुक्रवार, १० जानेवारी

आज आगाऊपणा केला.

चाचणीची निळी शाई डाव्या तळहातावर सांडली. रेषारेषांत जाऊन बसली. साबण झाला, घासणी झाली, हात हुळहुळायला लागला तरी ढिम्म. मावशी जेवायला गेल्या होत्या. फुंकणी समोरच होती. म्हटलं, एवढा थर उडवते तर ही शाई कोण लागून गेली!

उन्हातून घरात आल्यावर पंख्याखाली उभं राहावं तसं वाटलं. बारीक, गोड शिरशिरी. शाई केव्हाच गेली होती, तरी मी फिरवत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मावशींच्या चपला वाजल्या तेव्हा भानावर आले.

हात असा स्वच्छ झालाय, जसा जन्मल्या दिवशी असेल. घरी ठकीला गंमत दाखवली. माझ्या तळहातावर थेंब सोडला, तो सपाट पसरला. तिच्या तळहातावर मोती झाला. किती हसलो दोघी.

सोमवार, १३ जानेवारी

मावशी दोन-चार दिवस म्हणाल्या होत्या. आज तिसरा. थेंब अजून पसरतो. आणि काल फक्त तळहातावर पसरत होता, आज मनगटावरही.

केसांचा गुंता, दोऱ्याचे तुकडे, पिठाची भुकटी, सगळं हाताला येऊन बसतं. सकाळी फणी सुटेना. हिसडा दिला तर चार दात हाताला राहिले. तेल चोळलं तेव्हा सुटले. मावशींना सांगायचं धाडस होत नाही. हात दाखवून अवलक्षण.

बुधवार, १५ जानेवारी

चहाचा कप. भरल्या हातानं उभी राहिले अर्धा तास, ठकी शाळेसाठी खोळंबली. तेलानं सुटला, पण कपाच्या कानाला माझी कातडी राहिली. रुपयाएवढी. दुखलं नाही. दुखलं नाही याचीच भीती वाटली.

मालकांना सांगितलं. ते आधी हसले. म्हणाले, कातडी म्हणजे काय प्लास्टिक आहे? तिचा थर रोज झडतो, रोज नवा येतो, हे असं होऊच शकत नाही. मग मी थेंब सोडून दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फुंकणी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. किल्ली दोनदा चाचपली.

मावशींनी दारातून पाहिलं होतं. एवढंच म्हणाल्या, "तूसुद्धा?"

शुक्रवार, १७ जानेवारी

सावकाश लिहिते.

मी हातमोजा घातला होता. आतलं अस्तर चिकटलं म्हणून रस्त्यात ओढून काढला. फक्त हवा लागावी म्हणून. शाळेच्या कोपऱ्यावर गाडी जोरात आली, आणि ठकीनं रोजच्या सवयीनं माझा हात धरला.

हातात हात. एवढंच.

शाळेच्या पायरीवर बसलो. मी म्हटलं, सोड आता. ती म्हणाली, "आई, मी सोडलाय. तूच धरलायस."

मी धरला नव्हता. माझी बोटं सरळ होती.

तशाच घरी आलो. कोमट पाणी, मग तेल. चाळीस मिनिटं. ती आधी हसत होती, मग रडायला लागली, मग गप्प झाली. गप्प झाली ते बघवेना. सुटली तेव्हा तिचा उजवा तळवा लालबुंद होता. तळहाताच्या फोडासारखं जपलेलं माझं लेकरू, आणि माझ्याच तळहातानं—

शनिवार, १८ जानेवारी

मावशी मला मास्तरांकडे घेऊन गेल्या. भर दुपार, अंगणात वाळत घातलेले कपडे, सगळं कसं चारचौघांच्या घरासारखं. मास्तरांच्या बायकोनं पाणी दिलं. मास्तर पलंगावर बसले होते आणि शेजारी त्यांची आई, अगदी म्हातारी. मायलेक हातात हात घालून. मला बरं वाटलं. इतका लळा असतो कुणाला.

मग मास्तरांनी हात थोडा उचलला.

दोन हात नव्हतेच ते. मास्तरांच्या मनगटापासून आईच्या मनगटापर्यंत एकच कातडी. त्यांची बोटं कुठे संपतात, तिची कुठे सुरू होतात, मी शोधत राहिले. एका बोटाला नख दोन्ही बाजूंना होतं.

त्यांनीही फुंकणी रेंगाळू दिली होती. आजारी आईचा हात धरून बसले एका दुपारी, डोळा लागला. उठले तेव्हा तेलाची वेळ गेली होती. डॉक्टर म्हणाले, कापायचं तर कुठे कापायचं ते दिसत नाही.

मास्तर मला शांतपणे म्हणाले, "प्लास्टिकची भूक मरते. जिवंत कातडीची नाही मरत, वाढते. तिला एकदा द्यावं लागतं. दिलं की गप्प होते."

काय द्यायचं, ते मी विचारलं नाही.

म्हातारीचा दुसरा हात तेलाच्या फडक्यात गुंडाळून पलंगाच्या दांडीला बांधलेला होता. येताना मावशींना विचारलं, तो का बांधला. त्या पाय उचलून भराभर चालायला लागल्या.

सोमवार, २० जानेवारी

दोन रात्री झोप नाही. म्हातारीचा दुसरा हात का बांधला होता? तिनं कधी फुंकणी पाहिलीही नसेल. मग तिला ते मास्तरांच्या कातडीकडून—

ठकीच्या तळव्याला रोज सकाळ-संध्याकाळ तेल चोळते आहे, लाली उतरावी म्हणून. आज धीर करून, लांबून, चमच्यानं तिच्या हातावर थेंब सोडला. माझे डोळे मिटलेले. ती म्हणाली, "आई, मोती!"

उभा होता. गोल. टपोरा. मी जमिनीवर बसून रडले.

मंगळवार, २१ जानेवारी

डाव्या हाताला फडकी, वर तेल, वर पिशवी, वर दोरी. फडकी आत ओढली जातात. सकाळी तीन होती, आता दोन दिसतात.

ठकी खोलीत आली की हात जड होतो. तिच्या बाजूला. तराजूचं पारडं झुकावं तसा. ती डावीकडे गेली, डावीकडे. खिडकीशी गेली, खिडकीकडे. मी स्वतः हलत नाहीये.

तिला वाटतं मी रागावले आहे. जवळ घेत नाही म्हणून. दाराच्या फटीतून विचारते, "मी काय केलं?"

काय सांगू—

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी थेंब पुन्हा पाहिला. मोतीच. लालीही उतरली. देवा, ती सुटली. निदान ती.

वर्गात तेलकट हातांनी वही खराब होते म्हणून बाई रागावल्या. घरी आल्यावर तिनं स्वतःच साबणानं दोन्ही हात खसखसून धुतले, मला हुंगायला दाखवले. लांबूनच. तेल बंद केलं आता. लागत नाही.

माझं काय ते मीच बघायला हवं. दोरी तुटली आहे. पिशवीही आत—

दुपारी ती शाळेतून येऊन चटईवर झोपली. मी दोन खोल्या पलीकडे होते. डोळे उघडले तेव्हा तिच्या डोक्याशी बसलेली. हात तिच्या गालापासून वीतभर. मी चालत आलेले मला आठवत नाही.

उद्या. उद्याच.

गुरुवार, २३ जानेवारी

ठकीला शाळेत सोडलं. तिनं लांबून टाटा केला. मी उजव्या हातानं.

कारखान्यात आले. मालकांना, मावशींना बाहेर जायला सांगितलं. डबा बंद होता, गार. डावा हात त्याच्या पोलादावर ठेवला. आपणहून.

लिहिते ते उजव्या हातानं. वही गुडघ्यावर.

आधी गार. मग ऊब. मग डबा कुठे आणि मी कुठे ते समजेना. मनगटापर्यंत पोलाद दिसतं, पुढे काही दिसत नाही. दुखत नाही. मास्तर म्हणाले तसंच झालं. गप्प झाली. तेरा दिवसांत पहिल्यांदा गप्प. ठकीकडे ओढत नाही. कुठेच ओढत नाही.

हात गेला तर जाऊ दे. कापतील. संध्याकाळी तिला दुसऱ्या हातानं पोटाशी धरीन. धरीन—

मालक बाहेर डॉक्टरांना फोन करताहेत. मावशी दारात आल्या आहेत. शाळेतून फोन होता म्हणतात. तोंड पांढरं पडलंय. नीट बोलत नाहीत. मैदानावर खेळ होता. सगळ्या वर्गाचं रिंगण. हातात हात—

मोती. मी तेल लावलेल्या हातावर थेंब सोडत होते. तेलावर थेंब उभाच राहतो. कुणाच्याही हातावर. मला ठाऊक होतं, अकरा वर्षं मी तेलकट नळ्या—

आणि काल तिनं तेल धुतलं.

हात सुटत नाही. ओढते आहे. मावशी, मला सोडवा, मला जायचंय—

मावशी म्हणतात, खेळ संपल्याची घंटा होऊन तास झाला. चाळीस मुली. आधी हसत होत्या. मग रडायला लागल्या. आता सगळ्या गप्प आहेत. बाई मधे शिरल्या, दोघींचे हात सोडवायला, आणि आता बाईंचाही—