पाटीवरचे चिरंजीव

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझं पोट, तुझ्या बायकोचे गुडघे आणि तुमचा तो अखंड भुंकणारा कुत्रा हे तिन्ही ठीक असावेत असं मी धरून चालते, कारण माझ्या मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही, आणि तुला नुसतं शिंकायला झालं तरी चार पानं लिहितोस. मी ठणठणीत आहे. रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळे, मी म्हणते समितीमुळे.

तर समिती. आपल्या मुख्य रस्त्याचं पुनरुज्जीवन चाललं आहे. (तो मेला होता हे आम्हा राहणाऱ्यांना कुणी कळवलं नव्हतं.) तुला आठवत असेल, वरच्या टोकाला टपाल कचेरी, खालच्या टोकाला धान्याची वखार, मधे सदतीस दुकानं. मग गावाबाहेरून मोठा रस्ता काढला, ट्रक आणि बसगाड्या तिकडून परस्पर जायला लागल्या, आणि एकेक दुकान बंद होत अकरा उरली. तेव्हा इकडे चिटपाखरू फिरकलं नाही. आता शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी जुनं काहीतरी बघायला बाहेर पडतात, ही गोष्ट अध्यक्षांच्या ध्यानात आली (अध्यक्ष म्हणजे कापडवाल्याचा नातू, लहानपणी खोलीत स्वतःलाच कोंडून घेऊन रडायचा, मी तीनदा दार उघडून दिलं आहे) आणि गावाला एकदम इतिहास फुटला. रस्त्याला दगडी फरशी घातली, तिच्यावरून पहिल्याच आठवड्यात टपालवाला घसरला. दुतर्फा नक्षीदार जुन्या पद्धतीचे दिवे लावले. आपल्या लहानपणी त्या रस्त्यावर एकच दिवा होता आणि तोही बहुधा बंद असायचा, हे मी सभेत उभी राहून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, लोकांना भावना हवी असते, तपशील नको." मी इतिहास घेऊन पदवीधर झालेली बाई आहे. मी खाली बसले ती केवळ खुर्ची अध्यक्षांच्या डोक्यात घालण्याइतकी हलकी नव्हती म्हणून.

इथवर मी सोसलं. मग ते पाटीपर्यंत आले.

बाबांची पाटी तुझ्या डोळ्यांसमोर आहे ना? हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं: "कुलूप-किल्लीवाले आणि चिरंजीव". थंडी सरली की बाबा शिडी लावून तिच्यावर रंगाचा हात फिरवायचे. पुढे त्यांचा हात कापायला लागला तेव्हापासून मी फिरवते. तेच डबे, तीच अक्षरं, रेघ इकडची तिकडे नाही. एक्केचाळीस वर्षं एकही चुकवलं नाही, आजारपणातसुद्धा नाही. याचा परिणाम काय झाला, तर समितीचे दोन पाहणी करणारे आले, पाटीकडे बघितलं आणि वहीत लिहून गेले, "नवीन, रस्त्याच्या जुन्या रूपास बाधक." पलीकडच्या चांभाराच्या पाटीचा रंग पोपडे धरून लोंबतो आहे, ती सात वर्षांपूर्वीची आहे, ती "वारसा" ठरली. म्हणजे वस्तू जपली तर ती नवी आणि टाकून दिली तर जुनी! मी किल्ल्या पोहोचवायला वखारीकडे गेले होते तेवढ्यात यांनी आपली पाटी उतरवून नेली आणि त्या जागी तपकिरी रंगाची एक फळी ठोकली. कोरी करकरीत फळी, पण कडा मुद्दाम ठेचलेल्या, रंग कागदाने घासून उडवलेला आणि खिळ्यांना गंज लावलेला. (गंज! कुलपाच्या दुकानाला!)

तेवढ्यावर भागलं नाही. दाराशेजारी त्यांनी दुकानाच्या इतिहासाचा तक्ता लावला आहे. त्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहिते, बसून वाच: "संस्थापकांच्या पश्चात त्यांच्या चिरंजीवांनी मोठ्या निष्ठेने हा व्यवसाय आजवर सांभाळला." चिरंजीवांनी! एकोणिसाव्या वर्षी नोकरी लागली म्हणून पेटी उचलून जो गेलास तो तू! साध्या कपाटाची किल्ली घासायला दिली तर ज्याने कानस बोटावर चालवून घेतली तो तू! आता सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांचे घोळके दारात येतात, तक्ता वाचतात, मला कानस चालवताना बघतात आणि विचारतात, "चिरंजीव जेवायला गेलेत का?" परवा एका बाईने माझी समजूत घातली, "त्यांना मदत करता, छान आहे हो, या वयात वेळ जातो."

तक्ता लिहिला आपल्या मास्तरांनी. मी तडक त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला पाणी दिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अगं, तुला न विचारता लिहायला मी काय वेडा आहे? पण विचारायला आलो तेव्हा तू दुकानात नव्हतीस, म्हणून पाटीवरून घेतलं. चांगली ठसठशीत लिहिली आहे. दरवर्षी तूच रंगवतेस ना?"

मी पाणी न पिता परत आले.

पुढचं ऐक. या सोमवारी सकाळी अध्यक्ष स्वतः दुकानात हजर. उतरवलेल्या पाट्या त्यांनी जुन्या वखारीच्या खोलीत ठेवल्या, तिला कुलूप घातलं आणि किल्ली हरवली. आणि आतच उद्घाटनाची फीत, खुर्च्या आणि त्यांचं भाषण. दारात उभा राहून विचारतो काय, तर "ताई, हे कुलूप उघडून द्यायला कोण येईल?" मी म्हटलं, "चिरंजीव येतील, तक्त्यावर लिहिलंय ना? बोलवा त्यांना." त्याला अर्धा तास उभा केला. मग मी गेले, तारेने खोली उघडली (कुलूप बाबांच्या हातचं होतं, मला त्याची खोड ठाऊक), पहिल्यांदा आपली पाटी काखोटीला मारली आणि मग त्याला आत जाऊ दिलं.

पाटी आता दुकानात माझ्या समोर भिंतीला टेकून आहे. ती परत लावायची तर ती जुनी असल्याचा पुरावा आणा, असा समितीचा नियम आहे. पुरावा एकच, आणि तो तू जाताना आल्बमसकट घेऊन गेलास. शिडीवर बाबा, खाली दात काढून उभा तू, मागे नवी पाटी. (कडेला शिडी धरलेले दोन हात दिसतात ते माझे.) तो फोटो उलट टपाली पाठव. पुठ्ठ्यात घालून पाठव, मोडून नको.

कुत्र्याला आवर घाल. बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. फोटो टपालाने पाठवू नकोस. तुमच्याकडचं टपाल मला भरवशाचं वाटत नाही. घेऊन ये.

ता. क. येताना रंगकामाचे कपडे आण. थंडी सरली आहे. हिरवी जमीन झाली, "कुलूप-किल्लीवाले आणि चिरंजीव" हेही झालं. तुझा शब्द मी खोडलेला नाही, बाबांनी लिहिला आहे, तो राहील. पण त्याच्याखाली चार बोटं जागा मोकळी आहे, आणि ती मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसली. तिथे "आणि कन्या" मावतं, मी पट्टीने मोजून पाहिलं. मात्र मी जन्मभर बाबांनी काढलेल्या अक्षरांवरूनच ब्रश फिरवला आहे, नवं अक्षर एकही काढलेलं नाही. दोनदा ब्रश बुडवला आणि दोनदा पुसून ठेवला. अक्षर तुझं चांगलं, असं बाबा म्हणायचे; तेवढ्या एका बाबतीत त्यांचं खरं होतं. पाटी आधी वर लावू आणि मग लिही, रस्त्याला दिसू दे कोण लिहितंय ते. शिडी मी धरीन.