आगाऊ निरोप

३ मार्च
पोचलो एकदाचा! कानात बसलेले दडे अजून सुटले नाहीत, पण जागा झकास आहे. परमुलुखातली छावणी म्हणजे तंबू आणि धूळ असं धरून चाललो होतो. इथे तर चक्क पक्की खोली, लोखंडी पलंग, आणि आचारी माझ्यासारखाच बडबड्या. ही वही बायकोनं दिली. फोनवर सांगायला बंदी आहे ते सगळं यात लिही, परत आलास की वाचेन, म्हणाली. तर बाईसाहेब, नवरा सुखरूप आहे आणि त्याचं पोट भरलेलं आहे.

५ मार्च
काम मजेशीर मिळालंय. छावणीच्या टोकाला एक पत्र्याची खोली आहे, तिथे जवान घरच्यांसाठी व्हिडिओ निरोप भरतात. एक खुर्ची, कॅमेरा, स्क्रीन, आणि जागा कुठली ते कळू नये म्हणून खुर्चीमागे ताणलेली निळी चादर. पुढच्या चौकीवर गेलेल्यांना घरी फोन लागत नाही. म्हणून निघण्याआधी प्रत्येकजण चार-पाच निरोप आगाऊ भरून ठेवतो आणि मी दर रविवारी त्यातला एकेक पाठवतो. तारीख, हवापाणी, बातमी, काही बोलायचं नाही. कुठल्याही रविवारी खपेल असंच बोलायचं. आज एक आडदांड गडी आला. एरवी छावणी डोक्यावर घेतो, पण कॅमेऱ्यासमोर 'जेवलीस का?' एवढंच म्हणाला आणि त्याची बोबडीच वळली. हसून हसून माझं पोट दुखलं.

१४ मार्च
मलाही चौकीवर जायचंय, म्हणून माझे निरोप भरले. बायकोला थोडी लाडीगोडी, आईला गुडघ्याला तेल लावायची ताकीद, आणि आमच्या चिमणीला (वय वर्षं सहा, बोलणं साठीतल्या बाईचं) अभ्यास कर म्हणून दटावणी. हसत हसतच भरले, पण उठताना उगाच वाईट वाटलं.

२० मार्च
पाय मुरगळला, जाणं रद्द. निरोप नुसते पडून होते. आज कामाचा ढीग होता आणि घरी फोन करायचा कंटाळा आला, म्हणून त्यातलाच एक दिला ढकलून. बायको खूश! म्हटलं, ही बरी सोय झाली.

३ एप्रिल
बायको म्हणाली, काल किती छान बोललास, पण चिमणीचा दात पडल्याचं तुला कुणी सांगितलं? मला कुणीच सांगितलं नव्हतं. कालचा निरोप पुन्हा लावून पाहिला, त्यात दाताचं अवाक्षर नाही. माझी फिरकी घेत असणार, दुसरं काय. तरी जिवाला चैन पडेना म्हणून उरलेले निरोप पुसून टाकले.

१० एप्रिल
फिरकी नाही. काहीही पाठवलं नव्हतं, तरी घरी निरोप पोचला. बायकोनं तो बघता बघताच त्याचा व्हिडिओ काढून मला कौतुकानं पाठवला. निळी चादर, माझा शर्ट, मी. घरात स्क्रीनसमोर चिमणी गाणं म्हणतेय आणि तो ऐकतोय. मान डोलावतोय. ती चुकली तिथे हसतोय. अहो, भरून ठेवलेला निरोप ऐकत नसतो!

१२ एप्रिल
साहेबांना सांगितलं. कुणाचा तरी चावटपणा असेल म्हणाले. वायर काढली, खोलीला कुलूप घातलं. आचाऱ्यानं विचारलं, भावा, तू बरा आहेस ना? मी बरा नाही. जेवण जात नाही.

१७ एप्रिल
बायको फोन उचलत नाही. शेवटी आईनं उचलला. त्यानं म्हणे घरात बजावून ठेवलंय, माझ्या आवाजात कुणी फोन करील, त्याच्याशी बोलू नका. मी लहानपणच्या खुणा सांगितल्या. झाडावरून पडलो ते, तिनं मला रात्रभर मांडीवर घेतलं ते. आई म्हणाली, हेही तुम्ही सांगाल असं तो म्हणाला होता.
तुम्ही. माझी आई मला 'तुम्ही' म्हणाली. फोन ठेवून पोरासारखा रडलो.

२० एप्रिल
आमच्या गल्लीतल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, तुझ्या घरी नुसती धांदल आहे, येतोयस ना परवा? चिमणीला शाळेतून तूच आणणार, ती गल्लीभर सांगत सुटलीय. मी म्हटलं, जा, तिला घरीच ठेव, तो मी नाही. तो हसला. म्हणाला, तू सांगितलंच होतंस असा फोन येईल म्हणून, आणि त्यानं फोन ठेवला.
साहेबांकडे रजा मागितली. विमान नाही. पाया पडलो त्यांच्या. विमान नाही.

२२ एप्रिल
बायकोचा फोन. आपणहून. चिमणीला घेऊन कुठे गेलास, म्हणाली. शाळेतल्या बाई सांगतात, वर्दीतला बाबा आला, पोर धावत जाऊन बिलगली. कधीची वाट बघतेय मी, दोघं अजून घरी का आला नाहीत? मी म्हटलं, अगं, मी इथेच आहे, छावणीतच—
ती किंचाळली. मग आईचा आवाज. मग काहीच नाही.

कुलूप तोडलं. वायर तशीच लोंबतेय. इथली खुर्ची रिकामी. स्क्रीन मात्र चालू, त्यात—
निळी चादर. खुर्चीत चिमणी. गणवेश, पाठीला दप्तर. पाय जमिनीला टेकत नाहीत.
हाक मारली. ऐकू जात नाही. काचेवर मुठी मारल्या— काही नाही—
लिहून ठेवतोय, म्हणजे कुणीतरी— बायकोला निदान—
ती बाजूला कुणाकडे तरी बघतेय. तो दिसत नाही. काहीतरी सांगतोय तिला, ती मान हलवतेय. शहाण्यासारखी. माझं लेकरू.
केस सारखे केले. समोर बघितलं. तोंड उघडतेय—
नको. चिमणे, बोलू नकोस! एकदा भरलं की— बाळा, बाबा इकडे आहे, काचेच्या इकडे, बघ, ऊठ त्या खुर्चीतून, ऊठ, ऊ—